सभापती घर बघायला आले

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सभापती आप्पांचा. आणि आप्पांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता.

मूळचे ते कांदा पिकवणारे शेतकरी. एकदा कालव्याचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने वहीत त्यांना पाण्याची पाळी दिल्याचं लिहिलं, पण शेत कोरडंच. आप्पा पाण्याच्या चारीच्या कडेने वर कालव्याकडे चालत गेले आणि पाणी कुणी फोडलंय ते बघून आले. त्या चालण्यावर लोकांनी त्यांना पंचायत समितीवर निवडून दिलं. सभापती झाले तरी सवय तीच. शाळेची भिंत झाली म्हटलं की न सांगता जायचं आणि काठीने टोकरून बघायचं.

तालुक्याच्या वसतिगृहाच्या यादीतून माझं नाव गळलं, तेव्हा मला घेऊन ते तिथे गेले आणि प्रवेश मिळेपर्यंत बाकावरून उठले नाहीत. माझ्या वडिलांना वाटलं, आता मतं मागणार. परतताना आप्पाच मला म्हणाले, "हसत आलेला माणूस काहीतरी मागायला आलाय असं धरून चाल. मलाही सोडू नकोस."

मी नाही सोडलं. घरातला पहिला पदवीधर झालो, सिंगापूरला नोकरीला लागलो, तरी त्यांची मागणी कधी येते याची वाट बघत राहिलो.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. टूरबरोबर येतोय, तुझं घर बघायचंय. बायको म्हणाली, "नातवाच्या नोकरीचं काढतील बघा." मलाही तेच वाटलं. त्या आठवड्यात मी बाहेरगावी असेन, असं सांगून टाकलं.

रविवारी भाजी घेऊन आलो, तर सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकखाली दगडी टेबलाशी आप्पा बसलेले. धोतर, टोपी, पायात नवे बूट. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट अंकल वेटिंग फॉर यू, इज इट?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "काम लवकर उरकलं वाटतं," म्हणाले.

वर आले. नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, चहा घेतला. मी नातवाचा विषय निघायची वाट बघत होतो. निघताना म्हणाले, "तुझी आई म्हणते, फोनवर पोरगं सगळं बरं आहे एवढंच सांगतं. पत्ता दिला नि म्हणाली, तुम्ही बघून या."

बाकी काही मागितलं नाही. त्या आठवड्यात मी पत्र टाकलं:

"आदरणीय आप्पा, सा. न. मी बाहेरगावी नव्हतो, जाणारही नव्हतो. तुम्ही काही मागाल म्हणून खोटं बोललो. तुम्हाला ते खालीच कळलं, तरी मुलीसमोर तुम्ही मला सांभाळून घेतलंत. आईला घराचं सगळं सांगा. हेही सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो."