फिकट अक्षरांची वेबसाइट

हे सगळं याच क्रमानं घडलं का, याची मला खात्री नाही. कांबळ्यांचं वाक्य मी कदाचित सुलोचनाताईंच्या तोंडी घालत असेन. पण हैदराबादेत सुलतान बाजारच्या आमच्या मराठी वाचनालयानं नवी वेबसाइट तपासायला कांबळे, सुलोचनाताई आणि मी अशा आम्हा तीन म्हाताऱ्यांना बसवलं, त्या महिन्यात किस्से इतके साठले की एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो.

ठरलं होतं असं: आम्ही साइट ‘सोपी’ म्हटली की पुस्तकं ऑनलाइन मागवायची आणि संध्याकाळचं काउंटर बंद! सुलोचनाताई, निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. रोज संध्याकाळी काउंटरवर येत. पुस्तक बदलायला, म्हणे. दिवसभरात त्या तिथंच काय ते बोलत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अहवाल मात्र मी लिहायचा, कारण मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक!

*

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरचा पडदा पांढराशुभ्र. डिझायनर प्रणीत, इथल्याच मराठी घरातला, म्हणाला, “वाचा ना, अंकल.”

मला काही दिसेना. घाबरून दुसऱ्याच दिवशी आबिड्सला जाऊन नवा चष्मा केला. तरी पडदा पांढराच! शेवटी कळलं, अक्षरं मुळातच फिकट राखाडी होती.

“एलिगंट दिसतं, अंकल.”

“दिसतं कुठं?” कांबळे म्हणाले.

*

हे कांबळे सिकंदराबादला रेल्वेत होते. प्रणीत म्हणाला, “मेनूसाठी त्या तीन रेघा दाबा.”

कांबळे रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. “बाबा, माझा जन्म रुळांवर गेला. दोन रेघा असत्या तर गाडी आणली असती. तीनचं काय करू?”

*

पहिल्या पानावर चित्रं आपोआप सरकत. प्रत्येकावर एक सूचना. वाचायला लागावं, तर गायब!

“थांबव रे त्याला!” सुलोचनाताई ओरडल्या.

“ऑटोमॅटिक आहे, आंटी.”

“आमच्या वॉर्डात पेशंटलासुद्धा इतक्या लवकर डिस्चार्ज देत नव्हते!”

पुढं ‘मागवा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं एकमेकांना चिकटलेली. ताईंचा हात थरथरतो. एकच कादंबरी त्यांनी चारदा मागवली आणि चारदा रद्द केली. “नक्को रे बाबा,” त्या म्हणाल्या, “तिलाच माझ्याकडं यायचं नाही!”

*

तीन आठवड्यांनी कांबळे घरून भिंग घेऊन आले. तेव्हा उघड झालं की कार्यकारिणीच्या पानावर प्रत्येक फोटोखाली एकच मजकूर आहे. प्रणीतला मराठी धड वाचता येत नव्हतं. नमुन्यादाखल दिलेला वाचनालयाचा एक नियम त्यानं सगळीकडे चिकटवला होता. ज्यांना दिसत होतं त्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना दिसत नव्हतं!

अध्यक्ष पाटीलसाहेब, मितभाषी माणूस, शेजारीच बसले होते. त्यांच्या फोटोखालचं कांबळ्यांनी मोठ्यानं वाचलं: “बोटाला थुंकी लावून पान उलटू नये.”

“नाही उलटणार,” पाटीलसाहेब म्हणाले.

*

मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. रंग, अक्षरांचा आकार, बटणांमधलं अंतर, सगळं मोजून. शेवटी मात्र माझा धीर सुटला. एक ओळ घातली: ‘कदाचित दोष माझ्या डोळ्यांचाही असावा.’

बैठकीत सचिवांनी तेवढीच ओळ वाचली! “प्रोफेसर स्वतःच म्हणतायत!”

साइट पास. काउंटर उद्घाटनानंतर बंद. मला सुलोचनाताईंकडे बघवेना.

*

उद्घाटनाला अध्यक्षांनी सगळ्यांसमोर एक पुस्तक मागवून दाखवायचं होतं. पाटीलसाहेब कॉम्प्युटरपुढं बसले. डोळे चोळले. नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले.

“इथं, सर!” प्रणीत बोट दाखवत होता. “हे काय, इथं!”

“कुठं रे? मला तर कोरा कागद दिसतोय.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाहुणे चुळबुळायला लागले. सचिव घामाघूम. अखेर पाटीलसाहेब उठले. “अध्यक्षालाच दिसत नाही, तर सभासदांना काय दिसणार? काउंटर चालू राहू दे. हौ ना, सचिव?”

सचिवांनी मान डोलावली. सुलोचनाताई टाळ्यांसाठीही थांबल्या नाहीत, थेट काउंटरकडे गेल्या.

पुढं काही वर्षांनी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात पाटीलसाहेबांची मुलगी भेटली. तिला दोनदा विचारून मी खात्री करून घेतली: त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उद्घाटनाच्या वर्षभर आधीच झाली होती, आणि रोजचं वर्तमानपत्र ते चष्म्याशिवाय वाचत.