काकांचा तिसरा रिपोर्ट

नकला करायची खोड मला कणकवलीला शाळेतच लागली. लालबागला काकांकडे राहायला आलो तेव्हा सोबत तेवढीच एक कला होती. काका गिरणीत साचेवाले, म्हणजे कापडाचे माग चालवणारे. संपात गेट बंद झालं ते परत उघडलंच नाही. मग काकीने खानावळ काढली आणि काका बांगडे तळायला लागले.

मंडळाच्या शिबिरात आम्ही दोघांनी रक्त दिलं. काकांना चिठ्ठी आली, रक्तात हिपॅटायटिस बी सापडलंय, येऊन भेटा. काकीने त्यांचे डोळे बघितले. पिवळे नव्हते. तरी तिने गावाहून काविळीची माळ मागवून त्यांच्या डोक्यावर ठेवली. आठवड्यात ती वाढत वाढत गळ्यात उतरली, म्हणजे कावीळ उतरली.

सहा महिन्यांनी परत रक्त तपासलं. व्हायरस होता तिथेच.

परळच्या डॉक्टरांनी कागद पसरले. "हे बघा काका, हा मुक्कामाला आलाय. आता तो आत काय करतोय ते बघायचं. ई अँटिजेन, म्हणजे तो जोरात वाढतोय याची खूण, निगेटिव्ह. लिव्हरची एसजीपीटी नॉर्मल, व्हायरसची संख्या कमी. आत्ता झोपलाय. पण एका रिपोर्टवर मी काही ठरवत नाही. वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं."

"म्हणजे तो संपावर आसा," काका म्हणाले.

"तसंच समजा. कामावर कधी येईल सांगता येत नाही."

"आमचो संप अजून कोणी मागे घेवक नाय. मी गेलंय काय परत?"

डॉक्टर हसले. काकीला लस घ्यायला सांगितली, आणि एकत्र जेवल्याने काही होत नाही हे दोनदा सांगितलं.

संध्याकाळी खानावळीत सगळे विचारायला लागले. मी काकांचा चष्मा नाकाच्या टोकावर ठेवला आणि डॉक्टर झालो. "हे बघा काका, झोपलाय. झोपू दे." पब्लिक खूश. दर तीन महिन्यांनीवाला भाग मी गाळला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसरा रिपोर्ट तसाच आला. तिसऱ्याच्या वेळी काका उठेचनात.

"झोपलेल्याक कित्याक उठवतस?"

"काका, डॉक्टर म्हणाले होते ना."

"तूच सांगितलंस मा, झोपूक दी म्हणान."

दोन महिने असेच गेले. शेवटी काकीने झारा हातात घेतला. "जावा, नायतर उद्यापासून बांगडे मी तळतंय." मग गेले.

एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट, व्हायरसची संख्या चांगलीच वर. ई मात्र निगेटिव्हच.

"ई निगेटिव्ह आहे म्हणून तो गप्प असतोच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

"गेट बंद, आत साचे चालू," काका म्हणाले.

स्कॅनमध्ये लिव्हर थोडं कडक निघालं. फार नाही, पण आहे. रोज एक गोळी सुरू झाली, आपल्या मनाने बंद करायची नाही. दोन महिन्यांचा उशीर झालाच होता; पुढची तारीख मी स्वतः लिहून घेतली.

त्या संध्याकाळी काका तव्यापाशी उभे होते.

"झिला, डॉक्टराचो आवाज काढ."

मी चष्मा लावला. हे बघा काका, झोपलाय, इथपासून सुरू केलं. या वेळी दर तीन महिन्यांनीवाला भाग पण घातला, पूर्ण, डॉक्टरांच्याच संथ आवाजात. जेवणारे कोणी हसले नाहीत.

काकांनी बांगडा उलटला. "आता बरोबर येता," म्हणाले.