आक्कांची कात्री

आक्का कुणाच्या घरी गेल्या की पाणी मागत नसत, कात्री मागत. कात्री सापडली नाही तर विळा, ब्लेड, हाताला लागेल ते. मग समोरच्या व्हीलचेअरच्या गादीवरचं, वॉकरच्या दांड्यांवरचं, कुबडीच्या मुठीवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढत. घरची माणसं हळहळत. नवी वस्तू आहे, राहू द्या की चार दिवस, असं कुणी म्हणालंच तर आक्का मान वर न करता म्हणत, "वस्तू वापरून झिजली तर दुसरी मागू. न वापरता मानूस झिजून राहिलंय, ते कुठून आनू?"

आमची ओळखही अशाच फाडाफाडीतून झाली. मी मुखेडला शाळेत शिक्षक होतो. ट्रॅक्टरच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आक्कांनी लातूरहून खटपट करून मला कृत्रिम पाय मिळवून दिला, आणि माझ्या आईनं तो पिशवीसकट दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवला. लग्नकार्य असलं किंवा शाळेत तपासणी असली की पाय खाली उतरे, एरवी मी आपला कुबड्यांवर. पाय कसा चाललाय ते बघायला आक्का मुखेडला आल्या. खुंटीकडं बघून आईला म्हणाल्या, "माय, लेकाचा पाय हाय का लग्नातला शालू?" आई आधी चिडली, मग तिला हसू आवरेना. त्या दिवसापासून पाय माझ्या अंगी लागला आणि आक्का आमच्या घरातल्या झाल्या. पुढं माझी बदली नांदेडला झाली, तेव्हा त्यांना नांदेडात हक्काचा माणूस मिळाला आणि मला हक्काचा जाच.

त्या स्वतः मूळच्या देवणीकडच्या. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, पाठ एका बाजूला कललेली, सगळा जीव लहान मुलीएवढा. लातूरला भाचीजवळ, सारिकाजवळ राहत. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटीवरून जिल्हा पालथा घालत. फोन उचलला की "जय भीम, बोला, काय लागतंय?" एवढंच विचारत. कोण बोलतंय हे नंतर.

लागतंय ते मिळवायची त्यांची रीत मात्र ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी होती. सरकारी शिबिरावर त्यांचा फार भरवसा नव्हता. शिबिरात मापं घेतात आणि वस्तू येईपर्यंत पोर वाढून बसतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून त्या चौकाचौकांतले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स वाचत. गाडी थांबवून, नाव-गाव, खाली कुणाकुणाचे फोटो आहेत, सगळं नीट वाचत आणि म्हणत, "हे घर देतंय." दहावं झालं की त्या घरी हजर. रडणाऱ्यांबरोबर थोडं रडत, आणि ते रडणं खोटं नसायचं. मग सांगत, "तुमच्या आईच्या नावानं एक मानूस चालंल. पैसा मला नको. दुकानातून वस्तू आना, कोरी, कागदसुद्धा फोडू नका. वर्षश्राद्धाला चार पाव्हण्यांसमोर द्या."

वर्षश्राद्धालाच का, असं मी एकदा विचारलं. "पाव्हणे बघतेत, गुर्जी. बघितलं की त्यांच्यातलं एखादं फुडच्या साली देतंय. आन् कोरीच का, तर वापरलेली वस्तू दानाला चालत न्हाई म्हनतेत लोक. चालत न्हाई तर न्हाई. आपल्याला मानसं चालवायचीत, लोकांची डोस्की न्हाईत." वस्तू पोचली की दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन त्या हजर असतच. कार्यक्रमापर्यंत कागद आणि कार्यक्रमानंतर कात्री, हा त्यांचा कायदा मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना पाठ झाला होता.

लोक मागं त्यांना 'दहाव्याचा कावळा' म्हणत. स्कूटी दारात थांबली की आजारी माणसाच्या घरचे चपापत. एकदा त्या आमच्याकडं नांदेडला आल्या आणि गाडी चुकून शेजारच्या फाटकासमोर लावली. शेजारचे आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या सुनेनं आक्कांना पाहिलं आणि धाडकन दार लावलं. आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "सांगा तिला, अजून येळ हाय. मी निसती चहाला आलेय." मीही हसलो. पण तो ठसका बराच वेळ थांबेना. त्या फाटकाला धरून गाडीवरच वाकून बसल्या, ओठ निळसर झाले. माझी बायको पाणी घेऊन धावली. "उन्हाचं व्हतंय," एवढंच त्या म्हणाल्या. ते दिवस थंडीचे होते.

त्यानंतर फोनवर त्या वाक्याच्या मध्येच थांबू लागल्या. आधी मला वाटलं, रेंज जाते. मग लक्षात आलं, रेंज व्यवस्थित आहे, श्वास जातोय. लातूरला गेलो तर त्यांच्या बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावलेल्या. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. सकाळी डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: पाठीच्या बाकानं फुप्फुसं दबलीत, झोपेत श्वास पुरत नाही, रात्री तोंडाला मास्क लावून श्वास आत ढकलणारं मशीन हवं. बायपॅप म्हणतात त्याला. ते नसेल तर एखाद्या सकाळी त्या उठणार नाहीत. आक्कांनी मला हे दुसऱ्या कुणाची केस सांगावी तसं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता मलाच वस्तू लागून राहिली बघा, गुर्जी."

दवाखान्यातून एक जुनं मशीन काही दिवस उसनं मिळालं. त्या दिवसांत त्यांचा चेहरा उजळला होता. मग ते दुसऱ्या पेशंटला लागलं म्हणून परत गेलं. साऱ्या जगासाठी तोंड उघडणाऱ्या बाईचं स्वतःसाठी तोंड उघडेना. तेव्हा मीच त्यांचा कित्ता गिरवला. नांदेडच्या मोंढ्यातल्या एका शेठजींची आई वारून वर्ष होत आलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो आणि आक्कांचीच वाक्यं बोललो. शेठजी दिलदार माणूस. आक्कांसाठी मशीन आणि आमच्या मुखेडच्या शाळेत शिकलेल्या पूजासाठी बॅटरीवर चालणारी खुर्ची, दोन्हींना त्यांनी हो म्हटलं. पूजाच्या हातांतही जोर नव्हता. त्या खुर्चीशिवाय तिचं कॉलेज सुटल्यातच जमा होतं. दोन्ही वस्तू आईच्या वर्षश्राद्धाला द्यायच्या ठरल्या. शेठजींनी मशीन मात्र लगेच मागवलं आणि ने-आण नको म्हणून सरळ आक्कांच्या घरी पोचतं केलं.

मी आनंदानं लातूरला गेलो. खोलीच्या कोपऱ्यात खोका तसाच होता, वर चकचकीत प्लास्टिक. मी सारिकाला म्हटलं, "कात्री आण."

"न्हाई," आक्का म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांनी सरकत येऊन खोक्यावर हात ठेवला. "कोरी द्यायची असती, गुर्जी. मीच शिकवलंय समद्यांला."

मी तिथूनच शेठजींना फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. शेठजी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, आईच्या नावाचं आहे. उष्टं करून कसं द्यायचं? आक्कांनीच आम्हा मोंढ्यातल्या लोकांना सांगितलं होतं. तरी थांबा, मोठ्या भावाला विचारतो." एवढ्यात आक्कांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. कुठून आणला कोण जाणे, पण आवाजात पहिला खणखणीतपणा होता. "न्हाई न्हाई शेठजी, कुनालाच इचारू नका. गुर्जी उगं भिऊन राहिले. मी लई झ्याक हाय. तिथीलाच घेऊ, वाजत गाजत." फोन ठेवला आणि मग कितीतरी वेळ त्यांना बोलता आलं नाही.

मी भांडलो. त्यांच्याशी इतक्या चढ्या आवाजात मी कधीच बोललो नव्हतो. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आज माझ्यासाठी कागद फोडला... तर उद्या मोंढ्यात म्हनतेल, आक्का दानाची वस्तू आधी सोता वापरती. पूजाची खुर्ची जाईल. फुडचं कोन देनार? थोडं दिस ऱ्हायलेत. थोडं दिस तर मी श्वास न घेता बी काढीन." हा विनोद होता. सारिका उठून आत गेली.

पुढचे दिवस मी फोनवर आक्कांचे शब्द ऐकतच नव्हतो, मधल्या जागा ऐकत होतो. सारिका सांगायची, "मामा, मावशी झोपत न्हाई. खोक्याकडं बघत बसती." मग तिनं खोक्यावर ओढणी टाकली. एकदा मावशीचा डोळा लागलाय असं बघून ती कात्री घेऊन खोक्यापाशी गेली. आक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "सारे, कात्री जागेवर ठिव." ती कात्री म्हणे त्यांनी नंतर स्वतःच्या उशाखाली घेतली.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं असताना एका सकाळी सारिकाचा फोन आला. तिचं नाव दिसताच मला कळलं. तरी मी मूर्खासारखं विचारलं, "काय लागतंय?" ती म्हणाली, "मावशी बसल्या बसल्याच गेली, मामा. मला वाटलं, आज डोळा लागला."

कार्यक्रम ठरल्या तिथीला झाला. पूजा खुर्चीत बसली आणि तिनं मांडवातून स्वतःच्या बोटानं खुर्ची फिरवत नेली. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दोघांनी तिथंच पुढच्या वर्षाचा शब्द दिला. आक्का म्हणाल्या होत्या तस्संच झालं. शेठजी मला बाजूला घेऊन रडले, "मी त्याच दिवशी हो म्हणायला पाहिजे होतं, गुरुजी." त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. माझा राग आक्कांवर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. जगाला एक कायदा शिकवावा आणि स्वतःपुरता तरी तो मोडू नये, हा कसला हट्ट? वर जाऊन त्यांना विचारता आलं असतं तर मी हेच विचारलं असतं आणि त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

मशीन हिमायतनगरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिलं गेलं. श्वासाचंच दुखणं. कसं चाललंय ते बघायला दुसऱ्या दिवशी मी बसनं गेलो. आता ही कामं माझ्याकडं आली आहेत. म्हातारे भिंतीला टेकून धापा टाकत बसले होते. मशीन देवापुढच्या पाटावर होतं. हळदीकुंकू वाहिलेलं, उदबत्ती लावलेली आणि वरचं प्लास्टिक जिथल्या तिथं.

"नवं हाय जी," आजीबाई म्हणाल्या, "म्हनलं, चांगला दिस बघून फोडावं." मग खोक्यावरच्या पट्टीकडं बोट करून त्यांनी विचारलं, "कुनाच्या नावाचं हाय हे? आमाला वाचता येत न्हाई. रोज दिवा लावताना नाव तरी घेईन."

पट्टीवर शेठजींच्या आईचं नाव होतं. मी ते वाचायला तोंड उघडलं, पण ओठांवर दुसरंच नाव आलं. आजीबाई वाट बघत उभ्या होत्या.

"सांगतो," मी म्हटलं. "आधी कात्री द्या."