स्क्रीनवरची ओळ आणि सूर्यमाळचा टँकर

मंडळी, आज फार दमलेय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

जव्हारला घरी बसून मी जावा या संगणकभाषेत छोटी सॉफ्टवेअर करते. मोखाड्याच्या एका पाण्याच्या टँकरवाल्यालाही, कुठला टँकर कुठल्या पाड्यावर पाठवायचा ते नोंदवायला, एक करून दिलंय. सकाळी तिथल्या ऑफिसातल्या वंदनाताईंचा फोन आला. “मॅडम, मी सूर्यमाळचा पाडा निवडला होता, आणि टँकर भलत्याच पाड्यावर गेला!”

तशीच निघाले. चूक माझीच होती. ताईंनी तक्ता नावाप्रमाणे लावून घेतला होता. तसं केलं की ओळी फक्त स्क्रीनवर हलतात, मागच्या मॉडेलमध्ये, म्हणजे मूळ यादीत, जुन्याच क्रमाने राहतात. माझा प्रोग्रॅम स्क्रीनवरचा क्रमांक घेऊन मॉडेलमधली त्या क्रमांकाची ओळ उचलत होता. पाडाच बदलला. कोडची एक ओळ घातली आणि दुरुस्त झालं.

तिथूनच घरी परतणं मनाला पटेना. सूर्यमाळला निघालेल्या दुसऱ्या टँकरबरोबर मीही वर गेले.

विहिरीपाशी बाया सकाळपासून हंडे घेऊन उन्हात बसल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, सकाळचा टँकर माझ्या चुकीमुळे चुकला. कॉम्प्युटरचं काम माझं होतं.”

त्यांतली एक वयस्कर बाई टँकरमधून विहिरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाली, “आला ना आता पानी. तुझी बाटली दे, तुला आधी भरून देते.”

मला बाटली पुढे करवेना. तिनेच ती हातातून घेतली.

तुमच्या चुकीची झळ ज्यांना बसली, त्यांच्यासमोर तुम्ही कधी उभे राहिलात का? काय बोललात?