पडद्याखालून गेलेली पुडी

दुसऱ्या लाटेत बाबांचा हर्निया अडकला, म्हणून त्यांना अकोल्यातल्या एका दवाखान्यात भरती केलं. आत जाताना करोनाची टेस्ट निगेटिव्ह होती. ऑपरेशन छान झालं, आणि पाचव्या दिवशी घरी सोडायच्या ऐवजी ताप भरला म्हणून पुन्हा नाकात काडी घातली... पॉझिटिव्ह!

एक दुखणं काढायला गेलेला माणूस दुसरं घेऊन बसला. माझा संताप संताप झाला. भांडायचं कोणाशी तेच कळेना, कारण सगळेच पीपीई किटमध्ये सारखे दिसत होते.

सिस्टरने विचारलं, आजोबा, कोणाजवळ बसलात, कोणाशी बोललात? बाबा म्हणाले, "कोनाशीच नाई. मी त भितीकडं तोंड करून निजून राहत होतो." मला तिथेच संशय यायला हवा होता. दर्यापूरच्या पंचायत समितीत तीस-बत्तीस वर्षं काढलेला हा माणूस चार जणांत बसल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही.

शेजारच्या बेडवर बार्शीटाकळीचे पुंडलिककाका होते. शेतकरी माणूस, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेलं, आदल्या दिवशीच सुट्टी होऊन घरी गेलेले. दोन बेडच्या मधे पडदा, दोघांना मास्क... म्हणून दवाखान्याने त्यांना फोनवर 'ताप आला तर या' एवढंच सांगितलं.

बाबांना कोविड वॉर्डात हलवलं. मी आणि आई माझ्या घरी क्वारंटाइन. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. एरवी त्यांचा आवाज तीन घरं ओलांडून जातो, आज मात्र कुजबुज...

"तुही माय जवळ हाय काय?"

"हाय."

"मंग गच्चीवर जाय."

गेले गच्चीवर. म्हटलं, काहीतरी वाईट ऐकायला मिळणार.

"त्या पुंडलिकच्या घरी बाळंतीण हाय," बाबा म्हणाले. "पोरगी पयल्या बाळंतपनाले आली. नऊ दिवसांचं लेकरू हाय घरात. त्याले नीट सांगा लागते."

"दवाखान्याने सांगितलं ना. पडदा होता ना मधात?"

बाबा आणखी हळू आवाजात म्हणाले, "पडद्याखालून हात जाते ना, बाई..."

"काहून गेला हात?"

"पुडी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. या दवाखान्याच्या तीन वर्षं आधी तोंडात फोड आला तेव्हा बाबांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला होता. आईसमोर!

आणि इथे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून हे दोघं मास्क हनुवटीवर घेऊन, पडद्याखालून एकाच पुडीत बोटं घालत होते. एकाचा जय भीम, दुसऱ्याचा राम राम, आणि खर्रा दोघांचा एक. सिस्टर आली की दोघंही गाढ झोपलेले.

मी त्यांना चांगलं झाडणारच होते. पण बाबाच म्हणाले, "मले काई बी म्हन. पन आधी त्याले फोन लाव. रातभर ते लेकरूच दिसून राहिलं मले." आणि ज्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते त्या माणसाचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला.

मी लगेच फोन लावला. काकांच्या आवाजामागे बाळ कुरकुरत होतं. मी सगळं सांगितलं, तर काका एकदम गंभीर होऊन म्हणाले, "खर्रा? मी त हातबी लावत नाई. तुमच्या बाबाले मी वळखतबी नाई."

माझ्या लक्षात आलं... त्यांचीही बायको जवळ असणार! मी परोपरीने समजावलं, टेस्ट करा, बाळाला दूर ठेवा म्हटलं. काका आपले 'रॉंग नंबर हाय' म्हणायला लागले.

तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझ्या कानाचा फोन गेला. आई. कपडे वाळत घालायला आली होती म्हणे, पण हातात एक कपडा नव्हता.

"भाऊ, तुमच्या घरातल्या बाईले फोन द्या," आईने स्पीकर लावून म्हटलं. आईने असं म्हटल्यावर कोणाची टाप नाही. फोन गेला. "हे पा बाई, माह्या नवऱ्यानं अन् तुह्या नवऱ्यानं दवाखान्यात एका पुडीतला खर्रा खाल्ला. माहा पॉझिटिव्ह निंगाला. लेकरू कोनाजवळ हाय?"

"आजाच्या मांडीवर."

"आधी उचल!"

पुढचा आवाज बाळाच्या रडण्याचा, आणि त्याच्यावर काकांच्या बायकोचा. त्यांनी काकांना जे जे म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी काका पॉझिटिव्ह आले. पंधरा दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत काढले. बाळ आणि बाळंतीण दोघी मात्र पुढच्या दोन्ही टेस्टमध्ये ठणठणीत! ती नात आता अंगणवाडीत जाते, आणि कोणाच्या बापाला न घाबरता आजोबांना नाचवते.

बाबा बाराव्या दिवशी घरी आले. मान खाली. मला वाटलं, आता महाभारत. पण आईने गरम वरणभात वाढला, लिंबू पिळलं, आणि त्यांच्यासमोर बसून राहिली.

मलाच राहवलं नाही. स्वयंपाकघरात गाठून विचारलं, आई, तीन वर्षं खोटं बोलले ते, तुला राग नाही आला?

आई म्हणाली, "शर्ट मीच धुतो ना त्यायचे, खिशात सुपारीचा चुरा निंगते. खोटं बोलून राहिले हे मले पयल्या दिवसापासून मालूम होतं." मग पदराने डोळे पुसले. "लोकाच्या लेकरासाठी खरं बोलतीन, हे नोतं मालूम."