धुतलेली पाकिटं

चीनमधल्या हुनानच्या डोंगरातल्या गावची डॉक्टर लानयिंग रोज सकाळी दारोदारी जाऊन, अशक्त बाळांच्या खाण्यात कालवायला दिलेल्या पोषण-पुडीची रिकामी पाकिटं मोजायची. पाकीट रिकामं म्हणजे पुडी बाळाच्या पोटात, असंच ती वर्षभर वहीत लिहीत आली. मग प्रशिक्षणात ती बाळांचं रक्त तपासायला शिकली. थानआजींच्या दीड वर्षाच्या नातीचं रक्त, वर्षापूर्वी पुडी सुरू करताना दवाखान्यात निघालं होतं तितकंच कमी निघालं. पोर अजून उभीही राहत नव्हती.

"आजी, पुडी गेली कुठे?"

"पोर थुंकायची गं, मग डुकराच्या पिल्लाला घातली. बघ कसं गुबगुबीत झालंय! पण पाकिटं धुऊन ठेवली हं, तुझा आकडा कमी पडायला नको."

लानयिंगने वही मिटली. गेलेलं वर्ष पोरीला परत मिळणार नव्हतं.

"आजी, उद्यापासून पाकिटं धुऊ नका, पोर थुंकली तर तसंच सांगा," ती म्हणाली.