एक्स्ट्रीम म्हणजे काय?

लेकीने विचारलं, “आई, एक्स्ट्रीम म्हणजे काय गं?” आणि मुलुंडच्या हॉस्पिटलातला फिनेलचा वास आला. बाबांना तपासून डॉक्टर म्हणाले होते, “एक्स्ट्रीमली क्रिटिकल.” हे आत्याला कसं सांगायचं, कळेना. मी कणकवलीला फोन लावला, “बाबा खूप सीरियस आहेत, निघ.” आमच्यात माणूस गेला तरी लांबच्यांना सीरियसच सांगतात, हे लक्षातच आलं नाही. सकाळी आत्या रडत वॉर्डात शिरली, हातात हार. रात्रीत सावरलेले बाबा बसून चहा पीत होते.

“मेल्या, जितो आसस?” बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

वर्षभराने ते खरंच गेले. दुसरा शब्द सापडेना. “आत्या, बाबा खूप सीरियस आहेत.”

ती हसली. “परत फसयतस? चाय पित असतलो तो.”